पांढऱ्याची पारख

खडा बघायचा असला की चाचा आदल्या दिवसापासून तिखट बंद करायचे. कोल्हापुरात राहून तिखट बंद म्हणजे माणूस आजारी तरी असावा, नाहीतर घरात रुसलेला तरी. पण चाचा दूधभात खाऊन शांत बसायचे. "तिखटानं डोळ्याला पाणी येतं. आन डोळ्याला पाणी आलं की खड्याचं पाणी कळत न्हाय," हे त्यांचं कारण. हिऱ्याच्या तेजाला गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, पाणी म्हणतात. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. कुठल्या खड्याला कुठलं, हे चाचांनी सांगायचं आणि सगळ्या सराफांनी ऐकायचं, अशी तेव्हा रीत होती.

ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा चेहरा आठवायला गेलं की मला आधी उजेड आठवतो. आमच्या ओट्यावर ऊन थेट कधी येत नसे. समोरच्या घराच्या चुन्याच्या भिंतीवर ते पडायचं आणि तिथनं परतून, सावकाश, पाय ओढत आल्यासारखं आमच्याकडं यायचं. नगारखान्यातला चौघडा नुकता थांबलेला असायचा. अंबाबाईला निघालेल्या बायकांच्या परड्यांतल्या ओल्या फुलांचा वास गल्लीत रेंगाळायचा. त्या मऊ उजेडात चाचा पांढऱ्या कागदावर वाकलेले असायचे आणि भोवतीची चार माणसं श्वाससुद्धा हळू घ्यायची. तो सगळा तास मला जागेपणी बघितल्यासारखा वाटतच नाही.

आम्ही पटवेकरी. दागिने रेशमात ओवायचे, गोफ विणायचे, गोंडे बांधायचे. नवरा पेठ वडगाव, मलकापूर अशा बाजारांना माल घेऊन फिरायचा आणि ओट्यावर मी बसायची. ओट्याचं दुसरं टोक चाचांचं. माझ्या सासऱ्यांनी कधीकाळी "बसा की" म्हटलं आणि ते बसले, ते बसलेच. दुकान नाही, पेटी नाही, काटा नाही. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग आणि घडी घातलेला पांढरा कागद, एवढंच. हिरे विकायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. कुणी किंमत विचारली की म्हणायचे, "किंमत त्या समोरच्या शेठला इचारा. मी फकस्त हाय तसं सांगतो."

पहाटे ते रंकाळ्यावर जायचे. अंघोळीला नाही, नमाज तर घरी व्हायचा. नुसते काठावर बसायचे. थंडीत पाण्यावर धुकं असायचं, पलीकडचा काठ दिसायचा नाही, आणि धुकं विरत विरत पाणी उघडं पडेपर्यंत ते तिकडं बघत राहायचे. मी एकदा विचारलं, "काय बघतासा एवढं?" तर म्हणाले, "काय न्हाय. डोळं रिकामं करून येतो. काल बघितल्यालं डोळ्यात ऱ्हायलं तर आज बघायचं त्येच्यावर पडतंय."

खडा पुढं आला की पहिल्यांदा ते त्याला पालथा घालायचे. गिऱ्हाईक गोंधळायचं. बाजारात सगळे हिरा वरनं दाखवतात, ऊन धरून, बोटं नाचवून. चाचा त्याचं तोंड कागदाला लावायचे, टोक वर, आणि बाजूनं बघायचे. "तोंडानं सगळीच हसत्यात. रंग बघायचा तर पाठ बघा." मग खड्यावर तोंडाची वाफ सोडायची. वाफ लगेच उडाली तर हिरा, रेंगाळली तर काच किंवा दुसरा कुठला दगड. मग भिंग लावून पोटातले डाग. मग घडण, म्हणजे पैलू कसे पाडलेत ते. वजन सगळ्यात शेवटी, आणि तेही दुसऱ्याच्या काट्यावर. एका पाटलानं मोठ्या तोऱ्यात खडा काढला होता, म्हणाला, "सुपारीएवढा हाय बघा." चाचांनी बघितला आणि परत दिला. "सुपारी असती तर खाल्ली तरी असती, पाटील."

एकदा एक विद्वान गृहस्थ आले होते. पांढरा हिरा ब्राह्मण, तांबूस क्षत्रिय, पिवळा वैश्य आणि काळसर शूद्र, असं जुन्या ग्रंथांत आहे, ते चाचांना समजावून सांगत होते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपलं छत्रपती तिकडं माणसांस्नी एका पंगतीला बसवाय लागल्यात, आन तुम्ही दगडास्नी उठवाय लागलाय व्हय? खाणीत सगळं एकाच चिखलात असत्यात की वो." गृहस्थ लालेलाल झाले. पण खडा मात्र दाखवूनच गेले.

हे सगळं मी हसत हसत सांगते, पण माणूस वागायला सोपा नव्हता. आपलं बोलणं कुणी खोडलेलं त्यांना चालायचं नाही. खरं तर खोडायला कुणी धजलंच नव्हतं, त्यामुळं चालतं की नाही हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी "दुसरं" म्हटलं की ज्याच्या हातात खडा असेल त्यालाही तो दुसऱ्याच पाण्याचा दिसायला लागायचा.

एके वर्षी दिवाळी झाली आणि वडगावची एक विधवा बाई लेकीला घेऊन गुजरीत आली. माहेर गडहिंग्लजच्या पुढचं, पार कानडी मुलखाला लागून, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचे. आईला अव्वा म्हणायची. नवऱ्यामागं धान्याचं दुकान तिनं एकटीनं चालवलं होतं. लेकीची सोयरीक कोल्हापुरातल्या एका व्यापारी घरात ठरत आली होती. साखरपुड्याला जावयाच्या अंगठीत बसवायला तिनं आपल्या अव्वाच्या नाकातल्या चमकीचा हिरा काढून आणला होता. बैठकीत सांगितलं होतं, पहिल्या पाण्याचा आहे. मुलाची आई म्हणाली, सांगता तसा असेलच, पण चाचांच्या नजरेखालनं जाऊ दे. म्हणून सगळ्या आमच्या ओट्यावर.

मुलगी सोळा-सतरा वर्षांची. ती चाचांकडं बघत नव्हती, माझ्या रेशमाच्या लडींकडं बघत होती.

चाचांनी खडा पालथा घातला. बराच वेळ बघितलं. कागद फिरवला, परत बघितलं.

"पिवळा हाय," ते म्हणाले. "तिसरं पाणी."

बाई हसलीच आधी. तिला वाटलं चेष्टा आहे. "पिवळा कसा? माझ्या अव्वाच्या नाकात होता वो. अंधाऱ्या घरात सुदिक लखलखायचा."

मुलाची आई सावकाश म्हणाली, "नाकात असताना मागं चांदीचा वर्ख असतोय. वर्खावर काय बी गोरं दिसतंय."

"म्हंजे मी खोटं बोलले?"

"मी कुठं तसं म्हणतीय? खडा म्हणतोय."

तिथं पाच-सहा माणसं होती. दोन सराफ होते. मीही होते, चाचांपासून दोन हातांवर. मी तो खडा बघितला होता. रेशमात आयुष्य गेलेली बाई मी. दुधाचा पांढरा वेगळा, शंखाचा वेगळा, चुन्याचा वेगळा, सायीचा वेगळा, हे मला झोपेत कळतं. आणि तो खडा मला स्वच्छ पांढरा दिसला होता. पण चाचा पिवळा म्हणाले, म्हणून मी मनात म्हटलं, आपल्याला रेशमातलं कळतं, हिऱ्यातलं काय कळतंय. आणि हातातला गोंडा वळत राहिले.

बाईनं खडा फडक्यात गुंडाळला. लेकीचा हात धरला. मुलगी उठताना एकदाच वळून त्या पांढऱ्या कागदाकडं बघून गेली. दिवस मावळायच्या आत सगळ्या पेठांत झालं, वडगावच्या बाईनं वर्खाखाली पिवळा खडा लपवला होता. साखरपुडा झाला नाही.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. चाचांच्या भिंगाचा दोरा झिजला होता. "चांगला पांढरा रेशमाचा दे," म्हणाले. मी लड काढून पुढं धरली.

"पांढरा दे की गं. ह्यो काय हळदीत बुडवलायस व्हय?"

मी लडीकडं बघितलं. शंखासारखी पांढरी होती. मी दुसरी काढली. "ही?"

"ही बी पिवळीच."

मी एक एक करत होत्या नव्हत्या तेवढ्या पांढऱ्या लडी त्यांच्यापुढं मांडल्या. प्रत्येकीला ते पिवळी, नाहीतर मोतिया म्हणत गेले. शेवटी मी निळीत बुडवलेली एक लड ठेवली, जी सगळ्या जगाला निळसर दिसली असती. चाचा म्हणाले, "हां, ही बरी पांढरी."

आणि तिथं ते थांबले. निळीचा वास त्यांना आला असावा. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

मी म्हटलं, "चाचा, एक डोळा झाका."

त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला. मग उजवा झाकला. मग परत डावा. ते कितीतरी वेळ तसंच करत होते. रस्त्यावरनं माणसं जात होती, कुणीतरी घोड्याला हाकत होतं, आणि मला ते सगळं लांबून, पाण्याखालनं ऐकल्यासारखं ऐकू येत होतं.

"दोन डोळ्यांस्नी दोन रंग दिसत्यात," ते म्हणाले. "डाव्याला जरा कमी. उजव्याला तूप." मग म्हणाले, "उजव्या डोळ्यानंच भिंगातनं बघतो मी."

मी लडी गोळा करायला लागले.

"त्यो वडगावचा खडा. तू बघितलावतास?"

"व्हय."

"कसा दिसला तुला?"

"पांढरा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलला होता की."

त्यांनी मान खाली घातली. रागावतील असं मला वाटलं होतं, पण रागावले नाहीत. मला आजही वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

वडगावच्या बाजाराच्या दिवशी माझा नवरा माल घेऊन गाडीनं निघाला, तेव्हा चाचा आणि मी त्याच गाडीत बसलो. सकाळी शेतांवर धुकं होतं, उसाचे तुरे तेवढे वर दिसत होते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. चाचा सारखे एकेक डोळा झाकून बघत होते. वाटेत एकदाच बोलले. "कवापासनं असंल हे? वरीस? दोन वर्सं? किती खडं पिवळं केलं असतील म्या?"

बाई दुकानात पायली घेऊन जोंधळे मापत होती. चाचांना बघून तिनं हात थांबवला नाही. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "काय पावणं, वाट चुकलासा?"

चाचांनी उभ्यानंच सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. "खडा पांढरा हाय, बाई. पिवळं माझ्या डोळ्यात हाय. मोतीबिंदू झालाय मला."

बाई बराच वेळ पायलीच्या कडेवरनं बोट फिरवत राहिली. "मला तुम्ही काय बी म्हणाला असतासा तर चाललं असतं. माझी अव्वा मरताना म्हणाली होती, हे एवढं खरं हाय माझ्याजवळ, पोरीला दे. चार लोकांत तिला खोटी केलीसा तुम्ही."

"म्हणूनच आलोय. हितं बोलून काय उपेग न्हाय. जिथं बोललो तिथंच फिरवून बोलतो. तुम्ही खडा घिऊन चला."

"मी न्हाय येत," ती म्हणाली. आतून लेक बाहेर आली. इतका वेळ ती दाराआड उभी असणार. "आपण जायाचं, अव्वा," ती म्हणाली. "त्येंनी म्हटलेलं मी ऐकलंय. आता फिरवून म्हणत्यात ते बी मला ऐकायचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुजरीत निरोप गेले. मायलेकी खडा घेऊन आल्या. मुलाची आई आली. सराफ आले. दोघाचौघांनी चाचांना बाजूला घेऊन समजावलं. एक थोरला सराफ म्हणाला, "चाचा, त्या दिवशी आभाळ आलतं, उजेड न्हवता, एवढंच म्हणा. डोळ्याचं काढू नका. उद्या तुमच्याकडं कोण येणार?"

"त्या दिवशी आभाळ न्हवतं," चाचा म्हणाले. "ऊन होतं."

मग ते ओट्यावर उभे राहिले. त्यांना उभ्यानं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा बघत होते. म्हणाले, "ह्या बाईच्या खड्याला मी तिसरं पाणी म्हणालो. ते चूक. मला रंग दिसत न्हाय. गेल्या वर्सा-दोन वर्सांत मी ज्येंचं खडं बघितलं, त्येंनी दुसऱ्याकडनं परत बघून घ्या. आन आज हा खडा तिघांनी बघावा, एकमेकाला न सांगता."

तीन सराफांनी बघितला. एकेकानं माझ्या कानात सांगायचं असं ठरलं. तिघंही म्हणाले, पहिलं. त्यातला एक जण ओशाळून पुढं म्हणाला, "मला त्या दिवशी बी तसाच वाटलता, वैनी." मी म्हटलं, "मला बी."

मुलाची आई चांगली बाई होती, हे सांगायला हवं. ती उठून वडगावच्या बाईजवळ गेली. "चुकलं आमचं. इसरा. आपण साखरपुड्याचा दिवस काढू या."

बाईनं लेकीकडं बघितलं. लेक खाली बघत होती. बाई म्हणाली, "खडा पिवळाच निघाला असता तर?"

ती सोयरीक पुन्हा जुळली नाही.

चाचांना हे फार लागलं. त्यांना वाटलं होतं, खरं बोललं की मोडलेलं जागच्या जागी जाऊन बसतं. त्यानंतर त्यांनी खडे बघणं सोडलं आणि दुसरंच काहीतरी सुरू केलं. त्या दोन वर्षांतली आठवतील ती घरं ते पायी फिरले. काहींनी पाणी-तंबाखू दिली, काही हसले, एकानं दारातनं घालवून दिलं. आणि गुजरीत कुणी बायामाणसं खडा घ्यायला आली की चाचा त्यांना बोलावून घ्यायचे, "या, बसा, तुम्हीच बघा." पालथा कसा घालायचा, वाफ कशी सोडायची, उत्तरेचा उजेड का धरायचा, एकाशेजारी एक चार खडे ठेवले की रंग आपोआप कसा बोलतो, सगळं शिकवायचे. "दुसऱ्याच्या डोळ्यानं दागिना घिऊ नका," म्हणायचे. सराफांना ते अजिबात आवडलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या झाकून ठेवलेली विद्या हा माणूस ओट्यावर बसून वाटत होता. पण ओटा आमचा होता, आणि माझ्या नवऱ्यानं कुणाला काही बोलू दिलं नाही.

पुढं ते मिरजेला जाऊन मोतीबिंदू काढून आले. जाड भिंगांचा चष्मा लागला, त्यातनं त्यांचे डोळे बैलाच्या डोळ्यांएवढे मोठे दिसायचे. चांगलं दिसायला लागलं म्हणून सराफांनी त्यांना परत बोलावलं. ते हसले. "आता सगळंच निळसर दिसतंय. चुना निळा, दूध निळं, माझी दाढी निळी. चांदण्यात चालल्यावानी वाटतंय दिवसा बी." ते तक्रार करत नव्हते. त्यांना ते आवडलं होतं, आणि तासन्‌तास समोरच्या भिंतीकडं बघत ते बसून राहायचे.

अशाच एका सकाळी एक तरणी बाई ओट्यावर येऊन बसली. कडेवर मूल होतं. मी ओळखलं नाही. तिनं फडकं सोडून खडा काढला तेव्हा ओळखलं. वडगावची मुलगी. मलकापूरला दिली होती. आई वर्षापूर्वी गेली होती आणि खडा तिच्याकडं आला होता.

"चमकी करायची हाय," ती मला म्हणाली. "आजीची होती तशी."

चाचांनी आवाजावरनं मान वळवली. मग म्हणाले, "माझ्यामुळं तुझं मोडलं, पोरी."

"व्हय," ती म्हणाली. "मला लई वाईट वाटलं होतं, चाचा. चार म्हैनं. मला त्यो मुलगा आवडला होता."

ते तिला कुणी विचारलंच नव्हतं, आम्ही कुणीच. तिनं मूल माझ्या मांडीवर दिलं, चाचांच्या पुढ्यातला कागद ओढून घेतला आणि खडा पालथा घातला. कुणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाली, मलकापुरात एक बाई तुमच्याकडनं शिकून गेली होती, तिच्याकडनं. वाफ सोडली. भिंग मागून घेतलं. बघता बघता तिची मान आणखी खाली गेली.

"पाणी चांगलंच हाय," ती म्हणाली. "पर कडंला एक डाग हाय. मुंगीच्या पायाएवढा. ह्यो कुणी सांगितला न्हवता."

मी चाचांकडं बघितलं. त्यांनी नाही, तीन सराफांनी नाही. सगळे रंगाच्या मागं लागले होते.

"कुठं?" चाचांनी विचारलं.

"हितं. टोकाच्या डाव्या अंगाला, अगदी कडंशी."

तिनं भिंग पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही. त्यांचे ते मोठाले डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"मग जडणाऱ्याला सांग, त्या बाजूला सोनं दाबू नको म्हणावं. मधला डाग निभावतो. कडंचा दाबला की फुटतोय."

"सांगते. तुम्ही म्हणालासा म्हणून सांगते."

"न्हाय," चाचा म्हणाले. "माझं नाव सांगू नको. डाग तू बघितलाईस. तुझं नाव सांग."